पुन्हा 'हड'

प्रिय सुध्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. गुडघा आहे तसाच, साखर गोळ्यांवर.

परवा ओसरीवर सगळ्यांदेखत धाकटा म्हणाला, "आप्पांचं डोकं आता ठिकाणावर नाही, वकिलाला विचारून घेऊ." मला फस्सकन हसूच आलं. वहिनी बघत राहिली. तिला काय सांगू, 'हड' सिनेमातला टेक्ससचा पॉल न्यूमन आमच्या ओसरीवर येऊन बसलाय म्हणून? तोही गुरांची रँच हातात यावी म्हणून बापाला असंच अपात्र ठरवायला निघतो ना!

रात्री 'हड' लावला. 1963चा, कृष्णधवल. कॅमेरामन जेम्स वाँग हाऊनं टिपलेलं ते पांढरंफटक आभाळ अजून डोळ्यांना खुपतं. लाळ्या-खुरकुताचा संशय आल्यावर निदान व्हायच्या आत गुरं खपवून टाकू म्हणणारा तुझा हीरो! "त्याला व्यवहार कळतो, म्हातारा हेकट आहे," म्हणून कॅन्टीनमध्ये माझा चहा थंड केला होतास. तुझं एकट्याचं नाही म्हणा, अमेरिकेतली पोरंही तेव्हा त्याच्यावरच भाळली. सिनेमा काढणारेच चक्रावले. ऑस्कर मात्र म्हाताऱ्याला, मेल्विन डग्लसला मिळालं. न्यूमनला नाही. पुन्हा सांगून ठेवतो.

पण या वेळी म्हातारा मला खटकला. सगळा कळप खड्ड्यात घालून मारल्यावर ती दोन लांबशिंगी गुरं तो स्वतःच्या हातानं मारतो, तिथं मी अजूनही त्याच्याच बाजूचा. पण पोराला तोंडावर सांगतो, की थोरला भाऊ तुझ्या गाडीच्या अपघातात मेला म्हणून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीच तू माझ्या मनातून उतरलास. बापानं असं ऐकवल्यावर पोरगं सरळ वागेल? आप्पांनी धाकट्याला काय कमी ऐकवलंय? बारावीच्या निकालाला तू होतास.

आणि धाकटा अगदीच खोटं बोलत नाही रे. मागच्या आठवड्यात आप्पांनी मला दोनदा विचारलं, बैलांना पाणी दाखवलं का. गोठ्यात आता वहिनीची स्कूटी असते. पण त्याच संध्याकाळी बांधावरून शेजाऱ्याशी भांडले, तेव्हा गट नंबरासकट सगळं तोंडपाठ.

हडच्या पुतण्यासारखं, त्या लॉनीसारखं सामान उचलून निघून जावं, तर टकलाला ते शोभत नाही.

मेघनाचं ठरलं म्हणे, छान झालं. तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?

धाकटा रविवारी माझ्या सहीसाठी येणार आहे. त्याआधी फोन कर. हडची बाजू घ्यायची असेल तर घे, पण कारण कॅन्टीनमधलं नको, नवं दे.

तुझा,
बाळ्या