सहाशे सोळाचे कपाट

नंदगड, ता. खानापूर
त्रिपुरी पौर्णिमा

चि. मेघा हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला परत गेलीस, त्याला आज बारा दिवस झाले. पोहोचल्याचा फोन तू आईला केलास, मला दिला नाहीस, आणि मीही मागून घेतला नाही. तुझा पेपर, त्याचा विषय आणि त्या संध्याकाळी ओसरीवर झालेली आपली बोलाचाली, यांपैकी कशाबद्दलही लिहायचे नाही असे ठरवून मी कागद पुढे ओढला आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय कसे वापरावे याबद्दल चार गोष्टी तेवढ्या लिहाव्यात असा विचार आहे, कारण तीस वर्षे मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि तेवढ्या एकाच बाबतीत तुझ्यापुढे बोलण्याचा मला काही अधिकार उरला आहे. तरी एक विचारतो. विषय तोच ठेवणार आहेस का?

संगणकापुढे बसण्याआधी संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना भेट. तुमची पिढी त्यांना सर्वांत शेवटी विचारते, पेपर द्यायला दोन दिवस उरले की. मी काउंटरवर असताना ज्या मुलांनी पहिल्याच दिवशी येऊन आपला प्रश्न एका वाक्यात सांगितला, त्यांचा निम्मा वेळ वाचलेला मी पाहिला आहे. प्रश्न एका वाक्यात मांडता येत नसेल, तर तो अजून स्वतःलाच कळलेला नसतो.

त्यानंतर शब्द. एकाच दुखण्याला आपल्याकडे किती नावे आहेत ते तू जाणतेस: गावात बाया शुगर म्हणतात, आज्जी गोड लघवी म्हणायची, दवाखान्यातल्या पाटीवर मधुमेह असते आणि कित्तूरच्या बाजूला गेले की तेच सक्करे कायिले होते. शोधताना यांतला एकच शब्द घातला, तर तो वापरणारेच लेख हाती लागतात आणि बाकीचे निसटतात. याच अडचणीसाठी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या त्या शोधसूचीवर, मेश नावाची ठरावीक विषयशीर्षके आहेत. लेखकाने व्रण म्हटले असो की गँगरीन, नोंद होताना तो लेख ‘डायबेटिक फूट’ (मधुमेहाने बिघडलेला पाय) या शीर्षकाखाली आणून बसवला जातो. मात्र सगळ्याच लेखांना ही शीर्षके लागलेली नसतात, म्हणून साधे शब्दही ‘ऑर’ने, म्हणजे यांतला कोणताही चालेल असे, जोडून घालावेत आणि मग ‘अँड’ने, म्हणजे हेही हवे आणि तेही हवे असे सांगून, शोध आवळावा. कोणत्या दिवशी कोणते शब्द घातले, किती लेख आले आणि त्यांतले किती कोणत्या कारणाने वगळले, हे वहीत त्याच वेळी लिहून ठेव. आठवड्याने आठवत नाही, आणि मग माणूस अंदाजाने लिहितो. वसतिगृहातून हेलिनेटवर, तुमच्या विद्यापीठाच्या त्या ऑनलाइन ग्रंथालयावर, नियतकालिके उघडतात असे तू सांगितले होतेस. पण जुने बांधीव खंड पाहायला पायऱ्या उतरून जावेच लागेल, आणि जाताना स्वेटर घेऊन जा.

दिवाळीत तू वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेस की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आकडा बरोबर आहे, परंतु तो बातमीवरून उचलू नकोस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, ‘इंडियाब’ या मधुमेह-पाहणीचा मूळ लेख २०२३ साली लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला आहे. तो उघडलास की दिसेल, पाहणी २००८ ते २०२० अशी टप्प्याटप्प्याने झाली, तिच्यात वीस वर्षे व त्यांवरील वयाचेच लोक होते, प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि त्यावरून २०२१ सालासाठी हा अंदाज बांधला गेला. बातमीत यातले काहीच राहत नाही. ज्या लेखाचा आधार देशील तो शेवटच्या पानापर्यंत वाचलेला असावा, आणि तो मागाहून मागे घेतला गेलेला नाही ना, तेही पाहावे.

हे सारे तुमच्या मॅडमनी शिकवलेलेच असणार. मी पुन्हा काउंटरवर उभा असल्यासारखा बोलू लागलो, याचा राग मानू नकोस.

खरे सांगायचे तर मला हे दुसऱ्या कोणास सांगण्याचा अधिकार आहे काय, असा प्रश्न मला त्या संध्याकाळपासून पडला आहे. आमच्या कॉलेजात ड्युईच्या पुस्तक-वर्गीकरणातल्या ६१६ या, म्हणजे रोगांच्या, वर्गांकाखाली सगळे मिळून दीड कपाट होते. त्यात ६१६.४६२ म्हणजे मधुमेह. त्या क्रमांकाचे एक जाड, तपकिरी बांधणीचे पुस्तक होते, ज्याच्या कण्यावरची चिठ्ठी मी स्वतः दोनदा बदलली. दरवर्षी पुस्तकांची मोजणी होई तेव्हा मी ते काढून फडक्याने पुसून परत ठेवत असे, आणि त्याच काळात घरी आज्जी चुलीपुढे पाय शेकत बसून म्हणायची, ‘पाय मेलाय बघ माझा.’ ते पुस्तक मी एकदाही उघडले नाही. तिच्या टाचेला निखाऱ्याचा चटका बसला तो तिला कळलाच नाही. आईला फोड दिसला तेव्हा आज्जी म्हणाली, दुखत नाही, मग कशाला दवाखाना? दुखत नाही हे ऐकून मला बरे वाटले. नसा बधिर झाल्यामुळेच दुखत नाही, आणि म्हणूनच ते अधिक वाईट, हे मला पुढे कळले. लोंढ्याच्या आत्याने सांगितलेला पाला वाटून मी रोज सकाळी लावत होतो. तू तेव्हा चौथीत होतीस आणि पाला वाटायला मागत होतीस, ते तुला आठवते की नाही हे मी कधी विचारले नाही.

विषय बदलणे आता शक्य नसेल, हे मला समजते. विचारायचे नाही म्हणून ठरवले होते.

तुझे संमतीपत्र आईने मला दाखवले. ते इंग्रजीत आणि कन्नडात आहे. आपल्या बाजूच्या बाया त्यावर सही करतील, पण वाचून नव्हे. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही माणसाला समजेल त्या भाषेत संमती घ्या असेच सांगतात. मी मराठी करून देतो. पण ते परत इंग्रजीत करायचे काम मूळ कागद न पाहिलेल्या माणसाकडे द्यावे, म्हणजे कुठे अर्थ घसरला ते कळेल. सुमाअक्काच्या मुलीला विचारतो. प्रश्नांमध्ये ‘पाय बधिर वाटतो का’ असे घालू नकोस. पाय मेल्यासारखा वाटतो का, असे विचार. बाया लगेच बोलतील.

आता त्या संध्याकाळचे. आज्जीची फाइल सापडत नाही असे मी तुला म्हणालो, ते खोटे होते. ती माळ्यावर लोखंडी पेटीत होती, आणि आज स्पीड पोस्टाने वेगळी पाठवली आहे. तुझ्या पेपरात आज्जीचे नाव घालू नकोस. वय ६७ होते आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढला, एवढे पुरे आहे. मुलगा म्हणून संमतीची माझी सही फाइलमध्ये घातली आहे. दाखल करतानाच्या कागदावर ‘जखम आठ दिवसांपासून’ असे लिहिलेले तुला दिसेल. ते डॉक्टरांनी मला विचारले, आणि मी सांगितले म्हणून त्यांनी लिहिले. खरे एकवीस दिवस झाले होते. तू जुन्या केसपेपरांवरून तक्ते करणार आहेस, तर त्यातल्या प्रत्येक ‘किती दिवसांपासून’ या रकान्यामागे माझ्यासारखा कोणीतरी उभा असेल, हे ध्यानात ठेव. मी त्या कागदाच्या मागे पेन्सिलीने खरी तारीख लिहिली आहे.

आपल्या घरातली पहिली मुलगी विद्यापीठाच्या वाचनकक्षात बसून लिहिते आहे, हे मी येथे चार जणांना सांगितले आहे, कोणत्या विषयावर ते मात्र कोणालाही सांगितलेले नाही. रात्री मेस बंद होण्याआधी उठत जा.

आणखी एक. तू मला डोळे मिटायला लावून पाय बधिर आहे का ते तपासायचा, १० ग्रॅमच्या जोराने वाकणारा तो नायलॉनचा धागा तळपायाला वाकेपर्यंत टेकवत होतीस आणि लागले की होय म्हणा असे सांगत होतीस, तेव्हा मी दोनदा अंदाजाने होय म्हटले. दोन्ही वेळा डाव्या पायाला. नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा तो धागा घेऊन ये. आईला यातले काही बोललेलो नाही.

तुझे,
अप्पा