पिशवी मिळाली, आभार!

आमच्या ऑफिसात गुंतवणुकीचं काम, म्हणजे अर्धा दिवस कागदच. गेल्या मंगळवारी आमच्या एक जुन्या क्लायंट काकू, वय ७८, सदाशिव पेठेत रिक्षातून उतरल्या आणि पिशवी रिक्षातच राहिली. आत दिवंगत काकांच्या नावचे कागदी शेअर, मूळ मृत्यूदाखला आणि (का कोण जाणे) अर्धा डझन केळी. एप्रिल २०१९ पासून असे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसाच्या नावावर होतात, पण त्याला हेच कागद लागतात. हरवले की हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि न संपणाऱ्या चकरा.

रिक्षावाले दादा, तुम्ही तासाभरात भर पावसात परत आलात. पाकिटावरचा आमचा शिक्का वाचून पत्ता शोधलात. पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यायलात. नाव विचारायचं राहूनच गेलं. आणि खालच्या झेरॉक्सवाल्या ताई, ओले कागद एकेक सुटे करून, वर्तमानपत्राच्या घडीत घालून पंख्याखाली वाळवलेत, तेही ऐन गर्दीत! एकाही सहीची शाई पसरली नाही.

काकूंनी चार केळी दादांसाठी ठेवायला लावली होती. दोन दिवस वाट पाहिली, मग आम्हीच खाल्ली.