चकमकीच्या टेकड्यांवरून

मॅनहॅटन, कॅन्सस
२२ एप्रिल

प्रिय सुऱ्या,

उत्तराला महिना लावला म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. पण गेले दोन शनिवार मी गवत पेटवत होतो. खरंच.

हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे, काकूंना एकदा नीट समजावून सांग. गावाबाहेर पडलं की फ्लिंट हिल्स सुरू होतात. उंच गवताची प्रेअरी एके काळी १७ कोटी एकरांवर पसरली होती. आज त्यातली चार टक्केसुद्धा नाही, आणि जी उरली ती बहुतेक याच टेकड्यांत. फ्लिंट म्हणजे आपली चकमक. माती जेमतेम वीतभर, खाली चुनखडक आणि त्यात चकमकीचे थर. जॉन डिअरनं १८३७ मध्ये पोलादी नांगर काढला आणि पुढे आयोवा-इलिनॉयचा माळ बघता बघता मक्याखाली गेला. इथे मात्र फाळ दगडावर आपटायचा. लोकांनी नांगराचा नाद सोडला आणि गुरं सोडली. दगडानं राखलेला माळ आहे हा.

आणि आगीनं. शेजारचा रँचवाला म्हातारा म्हणाला, येतोस का? गेलो. आधी वाऱ्याच्या उलट अंगानं एक पट्टा जाळून घेतात, मागून एक जण गाडीवरच्या टाकीचं पाणी मारत येतो. मग दुसऱ्या बाजूनं पेटवलं, आणि वाऱ्यावर आग अशी सुटली की मी चार पावलं मागेच सरलो. पुरुषभर ज्वाळा, काडकाड आवाज. काळ्या पट्ट्याला भिडली आणि मिनिटभरात विझली. माझ्या बुटाचा तळ वितळला तो वेगळा. आपल्याला लहानपणापासून वणवा म्हणजे पाप. इथे जाळलं नाही तर सीडरची झाडं शिरतात आणि काही दशकांत माळाचं रान होतं. गवताचं काय, त्याचा जीव जमिनीखाली! बिग ब्लूस्टेमची मुळं दहा-दहा फूट जातात. आठवड्यात काळ्यावर पोपटी कोंब आले.

ही अक्कल रँचवाल्यांची नव्हे. कान्सा ही इथली मूळ जमात आणि आसपासचे लोक माळ जाळायचे, कोवळ्या गवतावर बायसन, म्हणजे इथले रानबैल, यायचे. १८७३ मध्ये कान्सांना इथून ओक्लाहोमाकडे हुसकलं. राज्याला नाव त्यांचंच ठेवलं, माणसं मात्र काढली. बायसनचंही तेच झालं. कोट्यवधी होते, १८८९ च्या मोजदादीत हजाराच्या आसपास उरले.

विद्यापीठाच्या कोन्झा माळावर आता थोडे आहेत. तिथे काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही दोन, चार, तर काही वीस वर्षांनी, आणि कुठे काय उगवतं ते बघत बसतात. बायसन मला कुंपणाबाहेरूनच दिसले. एक धूड धुळीत लोळत होतं. म्हशीला चिखल लागतो, याला कोरडी धूळही चालते. लोळून लोळून खड्डा पडतो, पावसाचं पाणी साठतं, त्यात बेडूक येतात.

पण खरं सांगायचंय ते पुढेच. परवा पहाटे अंधारात थंडीनं कुडकुडत बसलो होतो. उजाडायच्या आधी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज आला, मग चहूकडून. प्रेअरी चिकन या माळावरच्या पक्ष्याचे नर! मानेच्या दोन्ही बाजूंना नारिंगी फुगे, मान पुढे, शेपूट वर, आणि पाय इतके भराभर आपटत होते की दिसेनात. मला एकदम नान्नजचा माळ आठवला. सायकली बाभळीला टेकवून आपण पालथे पडलो होतो, आणि तो माळढोक गळ्याची पिशवी लोंबवत घुमत होता. तू शिंकलास आणि तो चालता झाला. अजून माफ केलेलं नाही.

म्हाताऱ्याशी मात्र वाद झाला. तो दरवर्षी सगळाच्या सगळा माळ जाळतो, कारण नव्या गवतावर गोऱ्हे झपाट्यानं भरतात. पण प्रेअरी चिकनची मादी अंडी घालते ती गेल्या वर्षीच्या उभ्या गवताच्या आडोशाला. ते ठेवलंच नाही तर बसणार कुठे? थोडं जाळ, थोडं ठेव, म्हटलं. म्हातारा म्हणाला, "प्रेअरी चिकन विकून हप्ते फेड तू." पुढच्या वर्षी एक कोपरा सोडतो म्हणालाय. बघू.

ब्लूस्टेमचं कणीस पाठवणार होतो, पण बी असं पाकिटातून पाठवता येत नाही. मागे चित्र काढलंय. अगदी आपल्या मारवेलसारखं, बोटं फुटलेलं. तुझ्या बांधावरच्या मारवेलशी ताडून बघ आणि कळव. आणि नान्नजला यंदा गेला होतास का, तेही.

तुझा,
बाळ्या