उद्योगमंत्री साहेब, एफडीआयचा आकडा सांगता तशी त्याची फोडही सांगा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार.

2024-25 मध्ये महाराष्ट्रात 1 लाख 64 हजार कोटींच्या वर थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय, आली, देशात शेअर भांडवलाच्या रूपाने आली त्यातली जवळपास 40 टक्के. वाचून बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, कारण 2022 ला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवायचा प्रकल्प गुजरातला चाललाय म्हटल्यावर आमच्याकडे नाक्यानाक्यावर तोच विषय होता (पुढे वर्षाच्या आत फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली, ते वेगळं). सांगायचं म्हणजे मी एफडीआयच्या विरोधात नाही. घणसोलीत राहतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यात परदेशी कंपन्यांनी काय उभं केलं ते आमच्या घराने जवळून बघितलंय.

पोखरण रोडला ग्लॅक्सो, कळव्याला सीमेन्स, तुर्भ्याला फायझर, अशी नावं घेतली की जुन्या लोकांना लगेच कळतं मी काय म्हणतोय ते. वडील अशाच एका कंपनीत पर्मनंट होते, पीएफ, बोनस, कॅन्टीन, युनियनचा करार, आणि त्या एका पगारावर आम्ही भावंडं शिकलो. तेव्हा परदेशी भांडवलाला बंधनं केवढी होती, 1973 च्या फेरा, म्हणजे परकीय चलन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला लावला होता, आणि आज बहुतेक क्षेत्रांत 100 टक्के गुंतवणूक सरकारची आगाऊ परवानगी न घेता येते. ती बंधनं परत आणा असं कोणी म्हणत नाहीये. पण ग्लॅक्सोची पोखरण रोडची जमीन गेली, क्लॅरिअंटची कोलशेतची गेली, दोन्ही बिल्डरांकडे, तिथे टॉवर आले, आणि आता जी नवी गुंतवणूक येतेय ती आमच्या पोरांना त्याच दर्जाची नोकरी देतेय का, हे कुठल्याच आकड्यातून कळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

कारण एफडीआय म्हणून जे मोजतात त्यात सगळं एकत्र असतं. परदेशी कंपनीने मोकळ्या प्लॉटवर कारखाना टाकला तरी एफडीआय, आणि चालू असलेल्या कंपनीचे शेअर इथल्या मालकाकडून विकत घेतले तरी एफडीआय, शेअर बाजारात लिस्टेड कंपनी असेल तर 10 टक्के किंवा जास्त हिस्सा घेतला की झालं, तिथे एक नवं मशीन लागलं नाही, एक माणूस भरती झाला नाही तरी. याउलट न्हावा शेवा बंदरात सिंगापूरच्या पीएसए कंपनीचं टर्मिनल 2018 ला सुरू झालं, ते डोळ्यांना दिसतं, जेट्टी बांधली, क्रेन आल्या, कंटेनर हलतात. हे दोन प्रकार एकाच बेरजेत टाकले की त्या बेरजेतून माझ्यासारख्याने काय समजायचं?

परत गेलेला पैसाही सांगायला हवा. 2024-25 ला देशात एकूण 81 अब्ज डॉलर आले, पण रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात निव्वळ एफडीआय एक अब्जसुद्धा उरलं नाही, कारण परदेशी गुंतवणूकदारांनी 50 अब्जांच्या वर काढून नेले आणि आपल्या कंपन्यांनीही बाहेर गुंतवले. ह्युंदाईचा 27 हजार 870 कोटींचा आयपीओ आठवतोय ना, तो सगळा ऑफर फॉर सेल होता, म्हणजे नवे शेअर न काढता मूळ मालकाने आपलेच शेअर विकले, पैसे कोरियातल्या मूळ कंपनीला गेले. यात गैर काही नाही, ज्याने गुंतवलं तो कधीतरी काढणारच, पण मग तो पैसा इथे होता तेवढ्या काळात मागे काय राहिलं हे मोजणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

आता आमच्या दारातलं बोलतो. ऐरोली, रबाळे, महापे, जिकडे बघाल तिकडे डेटा सेंटर. जपानच्या एनटीटीपासून बऱ्याच परदेशी कंपन्यांचा पैसा त्यात आहे, राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणात त्यांना मुद्रांक शुल्क, वीज शुल्काच्या सवलती आहेत. बांधकाम चालू असतं तोवर माणसंच माणसं, एकदा सर्व्हर चालू झाले की आत मोजके इंजिनिअर आणि बाकी सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, इलेक्ट्रिशियन, एसीवाले, आणि हे बहुतेक ठेकेदाराकडचे. माझा भाचा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, अशाच एका ठिकाणी कामाला जातो, ठेकेदार बदलला की त्याचं ओळखपत्र बदलतं, सर्व्हिस पुन्हा शून्यापासून. पोरगा हुशार आहे हो, हाय टेन्शन पॅनलवर काम करतो, पण लग्नाच्या बोलणीत "पर्मनंट आहे का" विचारलं की गप्प बसतो.

नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, 1984 ला त्याच जमिनींसाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. त्या जमिनींवर पुढे काय उभं राहतंय आणि त्यात कोणाला काम मिळतंय हे विचारायचा हक्क या गावांचा सगळ्यात आधी आहे.

म्हणून मागणी एकच. जानेवारी 2025 ला दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत राज्य सरकारचे 15 लाख कोटींच्या वर गुंतवणुकीचे करार झाले, त्यातले बरेच तर भारतीय कंपन्यांशीच होते, ते आणि जुने सगळे करार एकेक करून जाहीर मांडा, की पैसा प्रत्यक्षात किती उतरला, नवीन प्रकल्प की नुसती हिस्सा खरेदी, सवलत किती दिली, कायम माणसं किती आणि ठेक्यावर किती, आणि 80 टक्के स्थानिकांची जी अट सरकार घालतं तिचं काय झालं. दर सहा महिन्यांनी, जिल्ह्याप्रमाणे, मराठीत.

सुरुवात आमच्या पट्ट्यापासून करा. दिघ्यापासून नेरूळपर्यंतचे प्लॉट एमआयडीसीच्या रेकॉर्डवर आहेत, सवलतींच्या फायली तुमच्याच खात्यात आहेत आणि कंपन्या व ठेकेदार दर महिन्याला पीएफ भरतात त्यात माणसांची संख्या असतेच, त्यामुळे नव्याने गोळा करायचं फारसं काही नाही, तुम्ही आदेश काढायचाय.

आपला,
घणसोलीचा एक रहिवासी