‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर आता पुरे : खान्देशातून एक खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

फळपीक भरपाईची यादी लागली. तापीकाठच्या महसूल मंडळांनी जानेवारीतल्या थंडीचा चरका सोसला. केळीच्या कांदेबागेचे (हिवाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीचे) कोवळे पोंगे करपले, मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीत) निसवणीला आलेले घड खोडातच अडकले. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिले. तरी यादीत मंडळापुढे एकच शब्द आहे, ‘अपात्र’. कारणाचा रकाना कोरा आहे. विचारायला गेलेल्यांना टेबलामागून उत्तर मिळाले, ‘सिस्टीम घेत नाही’. मागच्या हंगामातही हेच उत्तर होते. त्या वेळी आपण भरसभेत शब्द दिला होता की पोर्टलमधल्या चुका पुढच्या हंगामाआधी दूर होतील. तो हंगाम येऊन गेला, चुका जागेवर आहेत.

सिस्टीम काय घेत नाही, आणि का घेत नाही, हे आपल्या खात्यातल्या एकाही माणसाला सांगता येत नाही. आमचे मुख्य म्हणणे हेच आहे. आणि हे सांगता येण्यासारखे आहे. संगणकशास्त्रात त्याची पद्धत पन्नास वर्षांहून जुनी आहे.

उदाहरणासाठी साधा नियम घेऊ: ‘१ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेल्यास भरपाई देय.’ मराठी वाचणाऱ्या कोणालाही हा नियम स्पष्ट वाटेल. आता महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राची पाच दिवसांची अशी नोंद घ्या: ७.४, ७.१, तिसऱ्या दिवशी नोंदच नाही, मग ६.९ आणि ७.६. बॅटरी उतरली, सिमची रेंज गेली, काहीही झाले असेल. हे मंडळ पात्र की अपात्र?

एक प्रोग्रॅमर म्हणेल, नोंद नाही म्हणजे थंडी सिद्ध नाही, मोजणी पुन्हा शून्यापासून. दोन दिवस आणि पुन्हा दोन दिवस, म्हणून अपात्र. दुसरा म्हणेल, रिकामा दिवस वगळा, उरलेल्या नोंदी ओळीने पाहा. सलग चार, म्हणून पात्र. तिसऱ्याच्या यंत्रात रिकाम्या जागी आपोआप ० पडतो. ० हा ८ पेक्षा कमी आहे, म्हणून पाचही दिवस थंडीचे. चौथा शेजारच्या मंडळाचा आकडा उचलेल. वाक्य एक, प्रोग्रॅम चार. चौघांपैकी कोणीही शासन निर्णय मोडला असे म्हणता येणार नाही, कारण शासन निर्णय या प्रश्नावर गप्प आहे. मग कोट्यवधी रुपयांचा हा निर्णय कोणी घेतला? कंत्राटदाराकडे बसलेल्या एका मुलाने, रात्री काम संपवताना, आपण धोरण ठरवतो आहोत हे त्याला कळलेही नसताना.

बहुतेक वेळा तर तोही ठरवत नाही, डेटाबेस ठरवतो. रिकाम्या जागेची ८ शी तुलना केली तर डेटाबेसचे उत्तर ‘खरे’ नसते आणि ‘खोटे’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. पण ‘जर असे, तर मोजणी वाढव, नाहीतर मोजणी शून्य कर’ असे लिहिले, की हे ‘अज्ञात’ बिनबोभाट ‘नाहीतर’ मध्ये जाते. शेतकऱ्याच्या केंद्राची बॅटरी उतरली आणि शिक्षा शेतकऱ्याला झाली. उलटही होते. काही उपकरणे बिघाड झाल्यावर -९९९ असा आकडा पाठवतात. तो गाळला नाही तर बंद पडलेल्या केंद्राचे सगळे मंडळ गारठले असे दिसते, आणि तिजोरीला खड्डा पडतो.

यावर उपाय असा की प्रोग्रॅमची एक ओळ लिहिण्याआधी नियम तर्कशास्त्राच्या भाषेत मांडायचा. तर्कशास्त्रात थिअरी म्हणजे काही ठरवलेली चिन्हे, त्यांच्याबद्दलची काही गृहीतके आणि त्यांतून निघणारे सगळे निष्कर्ष. इथे चिन्हे कोणती? मंडळ, दिवस, आणि ‘या मंडळात या दिवशीचे किमान तापमान’ हे फल, म्हणजे मंडळ आणि दिवस दिला की एक आकडा देणारे नाते. हे फल प्रत्येक दिवसासाठी असेलच असे नाही, हे पहिल्याच ओळीत लिहावे लागते. चार प्रोग्रॅमचा घोळ तिथेच संपतो. मग नियम असा होतो: मंडळ पात्र, जर कालावधीत असा एखादा दिवस असेल की तो दिवस आणि त्याच्या लगेच पुढचे दोन असे तिन्ही दिवस कालावधीत आहेत, तिन्ही दिवसांची नोंद आहे आणि तिन्ही नोंदी ८ किंवा कमी आहेत. मंडळ अपात्र, जर रिकाम्या जागी कोणताही आकडा घातला तरी असे तीन दिवस जुळत नसतील. आणि या दोन्हींत न बसणारे मंडळ ‘प्रलंबित’, म्हणजे माणसाने तपासायचे. वरच्या पाच दिवसांना हा नियम लावून पाहा. उत्तर ‘अपात्र’ येत नाही, ‘प्रलंबित’ येते. आपल्या यादीत हा तिसरा रकानाच नाही.

दशांशाचेही तेच. केंद्राने ८.०४ नोंदवले, यादीवर ते ८.० छापले, तुलना मात्र ८.०४ शी केली. शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर ८.० आहे, नियमात ८ आहे, आणि निकाल अपात्र. तुलना आधी की पूर्णांकन आधी, हे एका ओळीत लिहिण्याचे काम आहे.

आपले अधिकारी सांगतात की पोर्टलची चाचणी झाली आहे. किती नोंदींवर? या हंगामाचे दिवस १२०. प्रत्येक दिवशी थंड, थंड नाही आणि नोंद नाही अशा तीन शक्यता धरल्या तर एका मंडळाच्या हंगामाचे प्रकार ३ चा १२० वा घात इतके होतात. ती ५८ अंकी संख्या आहे. चाचणीने यातले हजार पाहता येतील, दहा लाख पाहता येतील. सिद्धता, म्हणजे प्रोग्रॅम नियमाप्रमाणेच चालतो याचा गणिती पुरावा, मात्र सगळे पाहते. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये याची रीत घालून दिली. प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याआधी काय खरे असले पाहिजे ती पूर्वअट, नंतर काय खरे होईल ती उत्तरअट, आणि प्रत्येक फेरीत न मोडणारी कायम अट. आपल्या मोजणीची कायम अट अशी: ‘आजच्या दिवसाअखेर मोजणीत तोच आकडा आहे, जितके थंड दिवस आजपर्यंत सलग आले.’ पहिल्या दिवशी ती खरी आहे हे दाखवायचे, आणि कालपर्यंत खरी असेल तर आजही खरी राहते हे दाखवायचे. एवढ्यात १२०ही दिवस सिद्ध झाले. पुष्कळदा चूक शेवटी सापडते: मोजणी बरोबर चालते, पण ती तीनवर पोहोचली का, हे प्रोग्रॅम हंगाम संपल्यावर पाहतो. तोवर उबदार दिवसांनी ती शून्यावर आलेली असते. उत्तरअट कागदावर असती तर सिद्धता तिथेच अडली असती.

पूर्वअट लिहिली नाही तर काय होते याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. ४ जून १९९६ रोजी आरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतबाहेर फुटले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली गेली. आरियान ४ साठी ती संख्या त्या जागेत मावत होती. ‘मावते’ ही पूर्वअट कोणी नव्या रॉकेटच्या आकड्यांशी ताडून पाहिली नाही, कोड तसाच उचलला गेला. आपल्याकडे एका योजनेचे पोर्टल दुसऱ्या योजनेला असेच चिकटवले जाते.

क्षेत्राची नोंद पाहा. सातबारावर हेक्टर आणि आर असतात. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५. संगणकावर घाईत १.५ पडते आणि ४५ आर हवेतून उगवतात, किंवा उलट जमीन गायब होते. क्षेत्र ही दोन आकड्यांची जोडी आहे, आणि आर नेहमी १०० च्या आत, अशी कायम अट लिहिली की ‘५’ हा आकडा आरच्याच चौकटीत भरावा लागतो. दुसरी कायम अट: एका गटावरच्या सर्व अर्जांचे क्षेत्र मिळून सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा जास्त नसावे. तिसरी पैशांची: सामाईक खात्यात तीन भावांना १०,००० रुपये वाटले तर प्रत्येकी ३,३३३.३३, बेरीज ९,९९९.९९. एका पैशाने ताळा चुकला तर सगळा गठ्ठा परत येऊ शकतो आणि तिघेही कोरडे राहतात. उरलेला पैसा कोणाच्या खात्यात टाकायचा हे नियमात लिहा, आणि ‘वाट्यांची बेरीज म्हणजे मूळ रक्कम’ ही अट कधीच मोडू देऊ नका.

फेरफार प्रलंबित म्हणून क्षेत्र शून्य पडलेल्या खात्यांवर दर हेक्टरी हिशेब करताना शून्याने भागाकार होतो आणि पान बंद पडते. शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव देऊन तिचा वेगळा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख आमच्याच चाळीसगावजवळ, पाटणला सापडला. त्या मुलखातला शेतकरी आज शून्याने भागणाऱ्या पोर्टलपुढे अर्धा दिवस उभा राहतो, हे आम्हाला फार लागते.

आता परिपत्रकांकडे येऊ, कारण खरी जखम तिथे आहे. समजा एक परिपत्रक म्हणते, ‘ई-पीक पाहणीची नोंद नसल्यास अपात्र’. दुसरे म्हणते, ‘पंचनामा झाला असल्यास पात्र’. ज्याचा पंचनामा आहे पण ई-पीक पाहणी नाही, तो एकाच वेळी पात्रही आणि अपात्रही. तर्कशास्त्राचा पक्का निष्कर्ष आहे की परस्परविरोधी गृहीतकांतून काहीही सिद्ध करता येते. मंत्रिमहोदय, खान्देशातला माणूस हे रोज अनुभवतो. एका टेबलावर पहिला कागद दाखवतात, दुसऱ्यावर दुसरा, आणि दोन्हीकडे तोच खोटा ठरतो. पाणिनीने आपल्या व्याकरणात नियम भिडले तर कोणता चालायचा हेही नियमातच सांगून ठेवले. सर्वसाधारण नियम कुठला, त्याचा अपवाद कुठला, हे तिथे पक्के आहे. आपल्या शुद्धिपत्रकांत ते का नसावे? हे तपासायला अधिवेशन बोलवावे लागत नाही. नियम तर्काच्या भाषेत उतरले की झेड-थ्रीसारखी फुकट मिळणारी संगणकी साधने विरोध शोधतात, आणि ज्या शेतकऱ्यावर दोन नियम भिडतात त्याचा नमुना काढून पुढे ठेवतात.

हे पुस्तकी आहे असे कोणी आपल्याला सांगेल. पॅरिसच्या मेट्रोची १४ क्रमांकाची चालकरहित गाडी १९९८ पासून धावते आहे. तिच्या सुरक्षेचा प्रोग्रॅम जाँ-रेमों आब्रियाल यांच्या बी पद्धतीने सिद्ध करून घेतला होता. फ्रान्समध्येच काताला नावाची भाषा तयार झाली, जिच्यात कायद्याच्या कलमाशेजारी त्याचाच प्रोग्रॅम लिहितात, वकील आणि प्रोग्रॅमर एकत्र बसून. तिथल्या कुटुंब भत्त्याचे नियम असे लिहिताना सरकारी प्रोग्रॅममधली चूक उघडी पडली. ते संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्यातही प्रोग्रॅम सिद्ध करण्याच्या विषयावर काम करणारी माणसे आहेत. त्यांना विचारले का?

नाही विचारले, कारण निविदेत या कामाला जागाच नाही. निविदेत स्क्रीन किती, रंग कोणता, सर्व्हर केवढा हे असते. नियमाचा अर्थ काय, हे नसते. सर्वांत कमी दराचा कंत्राटदार काम घेतो, शासन निर्णयाचा स्वतः अर्थ लावतो, आणि तो अर्थ कायदा बनतो. तो कोणी वाचू शकत नाही, त्यावर अपील नाही, विधानसभेत चर्चा नाही. ४४ अंशांच्या उन्हात माणूस तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, आणि ‘वरून आहे’ ऐकून परततो. वर कोणीच नाही. वर फक्त एक ‘नाहीतर’ आहे.

यंत्र बरोबरच असणार असे धरून चालले की काय होते ते ब्रिटनमध्ये पाहा. टपाल खात्याच्या होरायझन या हिशेबाच्या प्रणालीतल्या चुका शाखा चालवणाऱ्यांच्या माथी मारल्या गेल्या. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले, काही तुरुंगात गेले. शेवटी २०२४ मध्ये त्या शिक्षा सरसकट रद्द करायला संसदेला कायदा करावा लागला. आमच्या शेतकऱ्याला अजून चोर म्हटलेले नाही, पण जादा क्षेत्राचे अर्ज ‘बोगस’ म्हणून जाहीर होतात तेव्हा त्यांतले किती १.०५ चे १.५ झालेले आहेत, हे कोणी तपासत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सिद्धता नियमाला न्याय्य बनवत नाही. ८ अंश हा उंबरठाच चुकीचा असेल तर सिद्ध केलेला प्रोग्रॅमही चुकीचाच निकाल देईल, फक्त न चुकता देईल. पण मग भांडण नियमाशी होईल, समोर दिसणाऱ्या माणसाशी होईल. आज आम्ही भिंतीशी भांडतो.

म्हणून मागतो ते एवढेच. भरपाईच्या प्रत्येक शासन निर्णयासोबत त्याची तर्कातली मांडणी परिशिष्ट म्हणून प्रसिद्ध करा, शेजारी मराठीत अर्थासह. निविदेत अट घाला की कंत्राटदाराने प्रोग्रॅम या परिशिष्टाशी जुळतो याची सिद्धता द्यावी, निदान पात्रता आणि रक्कम ठरवणाऱ्या भागाची. सगळे पोर्टल सिद्ध करायची गरज नाही. नवे परिपत्रक काढण्याआधी ते जुन्याशी भिडते का हे साधनावर तपासा. यादीत ‘प्रलंबित’ हा रकाना आणा, आणि ‘अपात्र’ पुढे कोणती अट कोणत्या तारखेच्या कोणत्या नोंदीने मोडली ते छापा.

आणि यंदाच्या यादीतल्या मंडळांबाबत: ज्या दिवशी केंद्राची नोंद नाही, त्या दिवशी आपल्या प्रोग्रॅमने काय धरले? थंड, थंड नाही, की शून्य? याचे एका शब्दाचे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे, कांदेबागेची लागवड सुरू होण्याआधी.

आपला,
रावेर तालुक्यातील एक नागरिक