टाकी किती लिटरची लावू म्हणून विचारतोयस, तर ऐक

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं, दोनदा वाचून काढलं. जायरोच्या (म्हणजे डोक्यावर फिरता रोटर असलेल्या आपल्या छोट्या ऑटोजायरोच्या) लायसन्सवरची शाई वाळली नाही तोच साहेबांना अटलांटिक दिसायला लागला, म्हणजे तू काही बदललेला नाहीस. "करू का" असं तू विचारलेलंच नाहीये, थेट "मागच्या सीटवर टाकी किती लिटरची लावू" यावरच आलायस! तेही सांगतो, पण आधी माझ्या डोक्यात जे आहे ते ऐकून घे, कारण टाकीचा हिशोबसुद्धा शेवटी त्यावरच येतो. जमिनीवर ज्या गुणामुळे जायरो इतकं सेफ वाटतं ना, समुद्रावर नेमका तोच गुण कुचकामी होतो. लोक म्हणतात जायरो स्टॉल होत नाही (वेग कमी झाला म्हणून उचल जाऊन कोसळत नाही), इंजिन बंद पडलं तरी अलगद खाली येतं, मग घाबरायचं काय. बरोबर आहे, पण खाली मैदान असेल तर.

तू हे सगळं शिकलायस पण तरी लिहितो, कारण मलाच लिहिताना मजा येते. उडताना वरच्या रोटरला इंजिनाची ताकद मिळतच नाही, इंजिन फक्त मागचा प्रोपेलर फिरवून आपल्याला पुढे ढकलतं आणि पुढे गेल्यामुळे जी हवा खालून वर पात्यांतून जाते तिच्यावर रोटर आपला आपण फिरत राहतो. भिरभिरं हातात धरून पोरगं पळतं तसं. इंजिन थांबलं की पुढे ढकलणारं कोणी राहत नाही, मग आपण खाली यायला लागतो, आणि खाली येतोय म्हणजे हवा परत खालून वरच जातेय, म्हणजे रोटर फिरतोच आहे. हुआन दे ला सिएर्व्हाने हे सगळं याचसाठी केलं होतं. १९१९ साली त्याने डिझाइन केलेलं तीन इंजिनांचं विमान स्टॉल होऊन पडलं आणि त्याने ठरवलं की वेग कमी झाला तरी पडणार नाही असं काहीतरी बनवायचं. १९२३ मध्ये स्पेनमध्ये त्याचं जायरो उडालं, त्याआधीची मॉडेल्स एका बाजूला कलंडत होती, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला जास्त उचल मिळते आणि मागे येणाऱ्याला कमी, मग त्याने पात्यांना मुळाशी बिजागरी दिली, पाती वरखाली हलायला लागली आणि प्रश्न सुटला. १८ सप्टेंबर १९२८ ला हाच माणूस एक प्रवासी मागे बसवून लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघून इंग्लिश चॅनेल ओलांडून पॅरिसला गेला. म्हणजे समुद्र ओलांडायची खाज या मशीनला जवळजवळ जन्मापासूनच आहे, तुझ्यापासून सुरू झालेली नाही. (आणि नशीब बघ, हा माणूस १९३६ मध्ये गेला तो साध्या पंखवाल्या प्रवासी विमानाच्या अपघातात, त्याच क्रॉयडनला, धुक्यात टेकऑफ करताना.)

आता समुद्रावर ये. समज तू ३०० मीटरवर आहेस आणि इंजिन गेलं. आपला ग्लाइड जेमतेम एकास तीन किंवा चार (एक मीटर खाली येताना तीन-चार मीटर पुढे), म्हणजे फार तर एक किलोमीटर पुढे जाशील आणि मिनिटभराच्या आत पाणी. जमिनीवर एवढ्यात एखादं शेत, एखादा रस्ता सापडतो, आणि फ्लेअर करून (टेकायच्या आधी नाक वर करून वेग मारून) टेकलं की चार पावलांत थांबतंसुद्धा. पाण्यावरही टेकशील रे छान, जवळजवळ शून्य वेगाने, प्रॉब्लेम त्यानंतरचा आहे. डोक्यावर आठ-साडेआठ मीटरचा रोटर अजून फिरतोय, जायरो पाण्यावर उभं राहत नाही, कलंडतं, पाती पाण्यात आपटतात, आणि तू बेल्ट बांधून उलटा पाण्याखाली, त्यात थंड पाण्यापासून वाचवणारा अवजड सूट घातलेला. शिवाय पाती थांबायच्या आत घाईने बाहेर पडलास तर तोही धोकाच. म्हणून म्हणतो, समुद्रावर "अलगद उतरतं" याला काही अर्थ नाही.

हे काही पुस्तकी नाही. नॉर्मन सरप्लसबद्दल तुला माहितीये ना, उत्तर आयर्लंडमधल्या लार्नचा? त्याला आतड्याचा कॅन्सर झाला होता, हॉस्पिटलात पडल्या पडल्या टीव्हीवर जायरोचा एक कार्यक्रम बघितला आणि तिथून डोक्यात किडा शिरला. २२ मार्च २०१० ला तो एमटी-०३ नावाचं जायरो घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, उघडं कॉकपिट, रोटॅक्स ९१४ इंजिन. थायलंडमध्ये तो एका तळ्यात पडला. तळं होतं, पाणी कोमट होतं, किनारा जवळ होता म्हणून माणूसही वाचला आणि मशीनही दुरुस्त झालं. असंच अटलांटिकच्या उत्तर भागात झालं असतं तर आपण आज त्याचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं असतं.

पण मला सरप्लसची सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट ती नाहीये. तो २०११ मध्ये जपानला पोचला आणि तिथे अडकला. पुढे रशिया, आणि रशियाची परवानगी मिळेना. मशीन रेडी, पायलट रेडी, आणि कागद नाही. अरे आठवडे नाही, वर्षं गेली! शेवटी मशीन जहाजातून अमेरिकेला नेलं, २०१५ मध्ये ओरेगॉनहून निघून अख्खी अमेरिका आडवी पार केली, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, फेरो बेटं करत ऑगस्टमध्ये लार्नला घरी. जायरोने अटलांटिक ओलांडायची ती पहिली वेळ. आणि मग २०१९ ला परत निघाला, या वेळी रशिया मिळालं, बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून अलास्का आणि २८ जूनला ओरेगॉन, वर्तुळ पूर्ण. नऊ वर्षं! त्याच वर्षी जेम्स केचेल, तो आधी अटलांटिक वल्हवत पार केलेला, एव्हरेस्ट चढलेला माणूस, ३१ मार्चला इंग्लंडमधून मॅग्नी एम१६ जायरो घेऊन निघाला आणि २२ सप्टेंबरला एकाच सलग प्रवासात परत आला, १७५ दिवस. रशियाचा बराचसा पल्ला दोघांनी सोबतीने काढला. पहिला कोण यावर लोक वाद घालतात, घालू देत. मला विचारशील तर केचेलचं प्लॅनिंग शिकण्यासारखं आहे आणि सरप्लसची चिकाटी, आणि तुझ्याकडे प्लॅनिंग थोडं आहे, चिकाटीचं मात्र मला खरंच माहीत नाही, रागावू नकोस.

एक गोष्ट लक्षात आली का, दोघांपैकी कोणीही महासागर एका दमात ओलांडलेला नाही. नकाशा काढून बघ. अटलांटिक म्हणजे तुकडे आहेत: कॅनडा आणि ग्रीनलंडमधली डेव्हिस सामुद्रधुनी, मग ग्रीनलंडचं बर्फाचं पठार, मग ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कुलुसुकपासून आइसलंडच्या रेक्याविकपर्यंत साधारण ७३०-७४० किलोमीटर, मग आइसलंड ते फेरो आणि फेरो ते स्कॉटलंड हे प्रत्येकी चारशे-पाचशेचे. पॅसिफिक तर त्यांनी पार वर जाऊन बेरिंगला कापला, जिथे दोन्ही खंडांमध्ये सगळ्यात कमी अंतर जेमतेम ८५ किलोमीटर आहे आणि मध्ये डायोमीडची बेटं आहेत. म्हणजे तुझा खरा पेपर एकच, कुलुसुक ते रेक्याविक. बाकीचे सोपे आहेत असं नाही, पण हा पास झालास तर बाकीचे होतील.

तर आता टाकी. क्रूझ (नेहमीचा वेग) ताशी १४० किलोमीटर धर, इंजिन तासाला १७-१८ लिटर पितं. वारा नसेल तर ७४० ला सव्वापाच तास. पण वारा नसेल असं होत नाही. लोक म्हणतात पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, वारा पाठीवर मिळतो, ढोबळमानाने खरंय, पण डिप्रेशन (कमी दाबाचा पट्टा) आइसलंडच्या दक्षिणेला बसलं असेल तर त्याच्या उत्तरेच्या बाजूला वारा पूर्वेचा असतो, म्हणजे सरळ तोंडावर. ताशी ३० चा वारा तोंडावर धर, तुझा जमिनीवरचा वेग ११०, पल्ला पावणेसात तासांचा. गुणिले १८ म्हणजे १२० लिटरच्या वर, त्यावर दोन तासांचा रिझर्व्ह, कारण तिथे पोचलास आणि धुकं असेल तर कुठेतरी दुसरीकडे जायला लागेल. आले ना १५५-१६० लिटर? अंगच्या टाकीत ७०-८० असतील तर मागे अजून तेवढीच बसवायला पाहिजे. वजन फार नाही, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आत, म्हणजे मागे एक हडकुळा प्रवासी बसवल्यासारखं. पण त्या सीटवर राफ्टही (फुगवायची जीवरक्षक होडी) हवाय, कपडे, सुटे भाग, आणि टेकऑफ वेटची मर्यादा काही वाढत नाही. आणि पंप, नळ्या, टाकीचा व्हेंट (हवा जायची वाट), हे सगळं जमिनीवर तासन् तास चालवून बघ, मागच्या टाकीतून पुढच्या टाकीत पेट्रोल येतंय की नाही हे पाण्यावर पहिल्यांदा कळता कामा नये.

आणखी एक आकडा काढायला शिक, मी वहीत काढून बघितला आणि मलाच गंमत वाटली. तोच ३० चा समोरचा वारा धर. पुढे ११०, मागे वळलास तर १७०. मग पुढे जाणं आणि परत येणं याला सारखाच वेळ कुठे लागेल? मध्यावर नाही, ३७० वर नाही, ४५० च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त अंतर गेल्यावरसुद्धा परत फिरणंच जवळचं असतं! माणसाचं मन नेमकं उलटं सांगतं, "अर्ध्याच्या वर आलोय, आता पुढेच जाऊ". त्यामुळे तो आकडा निघायच्या आधी कागदावर लिहून गुडघ्याला बांध आणि वाटेत वारा बदलला तर परत काढ, मूडवर सोडू नकोस.

हवेबद्दल थोडक्यात, कारण तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खडबडीत हवेत जायरो छान चालतं, त्या पात्यांवर वजन इतकं एकवटलेलं असतं की झटके कमी जाणवतात, तिथे छोट्या विमानवाल्यांनी आपल्यावर जळावं. पण बर्फ! रोटरवर बर्फ धरला की पाती जड होतात, आकार बिघडतो, आरपीएम पडतो, आणि ते पुसायला आपल्याकडे काहीही नाही. म्हणून ढगात नाही म्हणजे नाही, गोठणाऱ्या पावसात नाही, ढगांच्या खालून जाताना ढग खाली खाली यायला लागले तर परत. दुसरं, लाटांच्या वर धूसर हवेत क्षितिज दिसेनासं होतं, माणूस गोंधळून स्टिक पुढे लोटतो, रोटरवरचा भार जातो, पाती मंदावतात आणि मशीन सावरत नाही, हे तुझ्या इन्स्ट्रक्टरने शंभरदा सांगितलं असेल. स्टॉल होत नाही म्हणून फुशारकी मारणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे की आपल्या मशीनला स्वतःचा वेगळा मरायचा मार्ग आहे.

थंडीचं मात्र मनावर घे. सात तास उघड्या कॉकपिटमध्ये, सूटमध्ये, हातमोज्यांत. मधे शू लागली तर काय, हा प्रश्न तुला विनोदी वाटेल, तिसऱ्या तासाला वाटणार नाही, आणि म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, मग निर्णय चुकतात. आणि पाण्यात पडलास तर थंड पाण्याचा एक-दहा-एक असा हिशोब सांगतात: पहिलं मिनिट नुसता श्वास सावरायला, पुढची दहा मिनिटं हातपाय तुझं ऐकतात, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपायला लागते. त्या दहा मिनिटांत राफ्ट उघडायचा, चढायचं, बीकन (आपण कुठे आहोत ते कळवणारा सिग्नल) चालू करायचा. सूट घातलेला असेल तर तास वाढतात, बॅगेत असेल तर काही उपयोग नाही. बीकन राफ्टला नाही, अंगाला बांध. आणि पाण्याखाली उलटं पडून बाहेर यायचं ट्रेनिंग, ते हेलिकॉप्टरवाल्यांना स्विमिंग पूलमध्ये देतात ना, ते घेतल्याशिवाय माझ्याशी या विषयावर पुढे बोलू नकोस, खरंच सांगतो.

आता माझं मत. जमेल तुला. हातात चांगलं कौशल्य आहे, इंजिन तू खोलून परत जोडतोस. पण तू जे लिहिलंयस, "तीन आठवडे सुट्टी काढतो", तिथे मला भीती वाटते. समुद्रावर मेलेले बरेच लोक उडता येत नव्हतं म्हणून नाही मेले, सोमवारी ऑफिस होतं म्हणून निघाले. त्या मशीनची जी बाजू पाण्यावर निकामी होते ना, तिची भरपाई फक्त थांबण्याने होते, चांगल्या हवेची खिडकी मिळेपर्यंत कुलुसुकसारख्या गावात दहा दिवस भिंतीकडे बघत बसणं, आणि अकराव्या दिवशी खिडकी अर्धीच उघडली तर परत बसणं. तीन आठवड्यांची सुट्टी असेल तर जाऊ नकोस, तारीख नसलेली सुट्टी मिळत असेल तर जा. परवानग्यांचंही तसंच, आपल्या बारक्या मशीनचं परमिट दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, प्रत्येक देशाकडून वेगळं मागावं लागतं, ते कागद हातात आल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नकोस.

आधी चॅनेल कर, मग आयरिश समुद्र, सूट घालून, राफ्ट घेऊन, पूर्ण वजन भरून. दोन्ही वेळा दोन तासांनंतर हाताची बोटं कशी होती ते मला लिहून कळव. आणि रिकाम्या मशीनचं वजन, तुझं सूटसकट वजन आणि मॅन्युअलमधली टेकऑफची मर्यादा असे तीन आकडे पाठव, एकूण १६० लिटरचा हिशोब बसतो का ते मी बघतो, मला शंका आहे की बसणार नाही आणि तुला राफ्ट की पेट्रोल असं भांडत बसावं लागेल. बसलं नाही तर आपण दुसरी वाट बघू, वाऱ्याची खिडकी अजून कडक लावू म्हणजे पेट्रोल कमी लागेल.

घरी सांगितलंयस का अजून? मला वाटतं नाही सांगितलंस. आधी ते कर.

तुझाच,
नेहमीचा किरकिऱ्या