आडनावाच्या अर्जाबद्दल

प्रिय राजा,

तुझं आडनाव बदलायचा अर्ज दाखल झाला. तू मधे चिडून विचारलंस, जो माणूस इतकी वर्षं फिरकला नाही, त्याला आता विचारायचंच कशाला? तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

विचारावं लागतं, कारण निघून गेल्याने बाबांचं पालकत्व आपोआप संपत नाही. गप्प बसले म्हणजे संमती दिली, असं कोर्ट धरत नाही. त्यांना नोटीस मिळायला हवी. निदान ती पोचवायचा खरा प्रयत्न झाला हे दिसायला हवं. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट परत आलंय. पत्ता निळ्या पेनाने आडवा खोडलेला, शेजारी ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा, त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का. वकीलबाई म्हणाल्या, फोडू नका, तसंच बंद जोडायचं. कुठे शोधलं, कोणाकोणाला फोन केले, ते मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंय. आता कोर्टाने परवानगी दिली की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येईल. त्यात आपली नावं दिसली तर दचकू नकोस. मुदतीत ते आले नाहीत तर प्रकरण एकतर्फी चालेल. आले, तर त्यांचंही ऐकून घेतलं जाईल.

एकतर्फी चाललं म्हणजे आपण जिंकलो असं नाही. न्यायाधीश तुझं हित बघणार: कोणत्या नावाने तुला लोक ओळखतात, बदलाने तुझं काय सोपं होईल, काय तुटेल, आणि आई सूड म्हणून तर हे करत नाही ना. माझा राग तिथे जमेला धरत नाहीत, आणि ते बरंच आहे. पहिल्या मसुद्यात ‘बेजबाबदार’, ‘निर्दयी’ असे शब्द होते. मी ते काढायला लावले. बाबा घर सोडून कधी गेले, पैसे कधी थांबले, तुझ्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर सह्या कोणाच्या, एवढं पुरे. मोठा झाल्यावर ती फाइल तू वाचशील. बापाबद्दलची माझी विशेषणं तुला तिथे सापडायला नकोत.

वकीलबाईंनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा एक निकाल दाखवला. वडील वारलेले, आईने दुसरं लग्न केलेलं. कागदपत्रांवर नव्या नवऱ्याचा उल्लेख ‘सावत्र वडील’ असा करा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे जवळजवळ क्रूरपणाचं आहे. आई एकमेव नैसर्गिक पालक आहे, आडनाव ठरवायचा हक्क तिचा. मला हुरूप आला. पण वकीलबाईंनी लगेच जमिनीवर आणलं: तिथे वडील हयात नव्हते. तुझे आहेत, फक्त इथे नाहीत.

आत्याचा फोन आला होता. ‘म्हणजे आता तो आमचा राहिला नाही’ म्हणाली. तसं काही नाही. जन्मदाखल्यात वडिलांच्या रकान्यात बाबांचंच नाव राहील. तुझा खर्च देण्याची त्यांची जबाबदारी सुटत नाही, आणि तुझा वारसाहक्कही जात नाही.

न्यायाधीश तुला एकट्याला आत बोलावून विचारतील, अशी शक्यता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात हेच आहे: ज्याला स्वतःचं मत बनवता येतं, अशा मुलाला त्याच्याबद्दलच्या निर्णयात बोलायचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. हजेरीत ते आडनाव ऐकून तुझं तोंड पडतं, मला ठाऊक आहे. पण तेच आडनाव आजीचंही आहे, आणि तिच्याकडे सुट्टीत तू हौसेने जातोस. दोन्ही खरं असेल तर दोन्ही सांग.

निकाल मिळाला की पुढची धावपळ माझी. आधी प्रमाणित प्रती, मग जन्मदाखला, मग शाळा, पासपोर्ट, बँक. मोठ्या परीक्षेची प्रमाणपत्रं निघायच्या आत झालं तर बरं, मागाहून दुरुस्ती फार जिकिरीची होते. तेवढ्यासाठी मात्र हो म्हणू नकोस. नको वाटलं तर अर्ज मागे घेता येतो. सज्ञान झाल्यावर तू स्वतःही असा अर्ज करू शकशील.

माझ्याशी बोलणं अवघड वाटलं तर वकीलबाईंना थेट फोन कर. त्यांचा नंबर तुझ्या फोनमध्ये टाकून ठेवलाय. काय बोललास, ते मी त्यांना विचारणार नाही.

तुझी,
आई